हात धुतल्याचा गुन्हा

मारिकिना शहरातल्या आमच्या बुटांच्या कारखान्यात दोरायताईंची बोटं पांढरी पडली, याची व्यवस्थापनाने गंभीर दखल घेतली. ताईंचं काम बुटांचे तळ थिनरने पुसून चिकटवण्याचं. ऐन उकाड्यात बोटं गारठायची, मग कातडी ताठरली, मूठ वळेना. त्यांची मागणी एकच होती: हात कायमचे जायच्या आत मला या टेबलावरून हलवा.

कारखान्याचे डॉक्टर बाल्ताझार यांनी लांबूनच निदान केलं. “पास्मा! दमलेल्या गरम हातांवर गार पाणी घेतलंत ना?”

“घेतलं की. थिनर धुवायला नको?”

“मग भोगा! माझी आजी हेच सांगायची.”

आजीपुढे कोणाचं काय चालणार? कर्मचारी-कल्याण म्हणून नळांना कुलपं लागली. थिनर हातांवरच वाळू लागलं आणि शेजारच्या नेनेंगचीही बोटं पांढरी झाली. ती चोरून हात धुते, असा निष्कर्ष निघाला.

ताई मोठ्या इस्पितळात गेल्या. तिथली डॉक्टरीण म्हणाली, “थिनरच्या वाफेने शरीराचे राखणदार बिथरले असावेत. ते आपल्याच घरावर तुटून पडलेत.”

हे ऐकून व्यवस्थापक मगबानुआ खुशीत आले. “असावेत म्हणजे नसूही शकतात! आणि हल्ला केला कोणी? ताईंच्याच शरीराने. हे घरगुती भांडण झालं, त्यात कंपनीने पडू नये. उलट ताई, तुमचा चेहरा बघा! एक सुरकुती नाही. बायका यासाठी पैसे ओततात!”

“त्यांना म्हणावं, या तोंडात भाताचा घास घालून दाखवा,” ताई म्हणाल्या. “कातडी ताणून तोंड उघडत नाही, चमचासुद्धा आडवा जात नाही.”

नेनेंग खो खो हसली आणि हसता हसता रडू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्या जणी हात वर करून उभ्या राहिलो. पांढरी बोटं इतकी निघाली, की मगबानुआसाहेबांनी घाबरून थिनरऐवजी पाण्यात कालवायचा बिनवासाचा गोंद मागवला. आम्ही पान्सितच्या शेवया रांधून जंगी मेजवानी केली. ताईंची मूठ काही वळली नाही, पण दुखणं वाढायचं थांबलं. आम्हाला तेवढ्यानेही आभाळ ठेंगणं झालं.

महिन्याभरात दुकानांतून खोकी परत आली. बूट मजबूत होते, दिसायला झकास होते. तक्रार एवढीच, की गिऱ्हाइकाला त्यात नवेपणाचा वास येत नाही.

थिनर परत आलं. अनुभवी कामगार म्हणून ताईंना पुन्हा त्याच टेबलावर बसवलं. मला मगबानुआंचा राग येतोच, पण त्या गिऱ्हाइकाचा जास्त येतो. त्याला एकदा गाठून चार शब्द सुनावायचे आहेत.

खरं सांगा, मागच्या खेपेला नवा बूट खोक्यातून काढलात, तेव्हा आधी पायात घातलात, की नाकाला लावलात?