कॅप्टनचे वकील

बिराजदार काकांनी आठची वेळ दिली की ते आठला दोन मिनिटं कमी असताना येतात आणि दोन मिनिटं दाराबाहेर उभे राहतात. बेल वाजवत नाहीत. मनगट डोळ्यांजवळ धरून नुसते उभे. एकदा चाहूल लागून मी आधीच दार उघडलं, तर मलाच ऐकावं लागलं, "म्याडम, अजून टायम हाय की. लावा दार." मी पाहुण्याच्या तोंडावर दार लावलं आणि बरोबर आठला परत उघडलं.

काका आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. काकू गेल्यापासून एकटेच. तीसेक वर्षं ते बसस्थानकावर कंट्रोलर होते, म्हणजे कोणती गाडी कधी सोडायची ते ठरवणारे. गाव अक्कलकोटकडचं, घरात कानडी. त्यामुळे काही संपलं की "आयतु", म्हणजे झालं, आणि त्याला जोडून जन्माची सवय, "सुटा!" चहा संपवून कप खाली ठेवतानाही "आयतु, सुटा!" आता आपल्याच घरातून आपण कुठं सुटायचं?

मी शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी इथल्या एका साप्ताहिकात माझी विज्ञानकादंबरी क्रमशः सुरू झाली आणि माझ्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. तिचा नायक कॅप्टन रुद्र. यान निघायची वेळ झाली म्हणून हा गृहस्थ तीन सहकाऱ्यांना ओसाड ग्रहावर टाकून निघून येतो. ते धावत येताना त्याला काचेतून दिसतात, तरीही. मला वाटलं होतं, वाचक विचारात पडतील. वाचक अंगावर आले.

नवरा म्हणाला, "असला नतद्रष्ट नायक? मग खलनायक काय पूजेला ठेवणार आहेस?" कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींना त्यांची नात वाचून दाखवते. त्यांनी कोथिंबिरीची जुडी माझ्या पिशवीत आदळून विचारलं, "त्या मुडद्याला शिक्षा कवा करनार?" मुख्याध्यापक घासाघीस करायला आले, "तिघं नको, पण एखादा तरी वाचवा म्याडम." उलट नववीतल्या एका मुलीला तोच आवडत होता. कारण काय, तर तो निदान खोटं रडत नाही.

पण या सगळ्यांना पुरून उरले ते काका. दर रविवारी आठच्या ठोक्याला, हातात अंक, लाल पेन्सिलीच्या रेघा मारलेला.

"कॅप्टनचं काय चुकलं सांगा. टायम म्हंजे टायम. तिघांपायी अख्खी गाडी खोळंबून ठिवायची व्हय?"

"काका, ते यान आहे."

"यान का आसंना! आत प्याशिंजर हाईत की."

पुढच्या ग्रहावरची गाडी चुकली असती तर जबाबदार कोण, हेही त्यांनी मलाच विचारलं. मावशींशी भर रस्त्यात भांडले आणि दोन आठवडे भाजी दुसरीकडून आणली. माझा नवरा रविवारी आठला आंघोळीला जाऊ लागला आणि काका गेल्याशिवाय बाहेर येईना. काकांपायी मला माझ्याच नायकाचा वीट आला. शेवटी ठरवलं, शेवटच्या प्रकरणात यान लघुग्रहावर आदळवायचं. कॅप्टन खलास, कटकट खलास. काकांना तसं सांगूनही टाकलं.

"मारालाय त्याला?" काकांचा कप अर्ध्यावरच थांबला.

"हो. सगळ्यांना तेच हवंय."

त्यांनी चहा तसाच ठेवला आणि उठून गेले. ना आयतु, ना सुटा. घड्याळही पाहिलं नाही. खरं सांगते, मला हायसं वाटलं.

चार दिवसांनी मला बहिणीकडे मंद्रूपला जायचं होतं, सव्वासहाच्या गाडीनं. शाळेतली मीटिंग लांबली. पिशवी काखेत मारून, साडीचा घोळ धरून मी बसस्थानकाच्या रस्त्यानं पळत सुटले. सव्वासहा होऊन गेले होते. पण गाडी फाटकातच उभी. ड्रायव्हर हॉर्न बडवतोय आणि गाडीसमोर छत्री आडवी धरून एक म्हातारा ओरडतोय, "थांब रं! बाई पळत येत्यात!"

बिराजदार काका. मी जवळ पोचेपर्यंत त्यांनी मला ओळखलंही नव्हतं.

"नोकरीत आसताना आमाला अर्धा मिनिट थांबू दिलं न्हाय ह्यांनी," कंडक्टर करवादला. "आता रोज ह्याच गाडीला आडवं हुत्यात. कुनी पळत येतंय का बगत."

मी खिडकीत बसले. दम लागला होता, तरी बोलल्याशिवाय राहवेना. "काय काका, टायम म्हंजे टायम ना?"

ते खिडकीशी आले.

"लई वर्षं झाली, म्याडम. हीच गाडी. एक बाई पोर कडेवर घिऊन पळत येत हुती. मला दिसली की. पर सव्वासहा झाले हुते. सोडली गाडी. फुडची गाडी पार सकाळी."

"मग?"

"मग काय न्हाय. वाटलं, शिव्या दील. दिल्या न्हाईत. बाकड्यावर बसून पोराच्या चपलीचा पट्टा लावत बसली. कुटं निगाली हुती, काय आडचन हुती, मी इचारलंच न्हाय. ड्युटी संपली, घरी गेलो. टायमात."

ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न दिला. काकांनी खिडकीचा गज धरला.

"त्याला मारू नका म्याडम. मेला तर मागं कवा जाईल?"

इतके रविवार मी या माणसावर चडफडत होते. काका, तुम्हाला याचं एवढं का लागतं, असं एकदाही विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

काकांनी रस्त्याकडे एकदा नीट पाहून घेतलं. कुणी येत नव्हतं. मग छत्री वर केली, "आयतु, सुटा!" गाडी चार मिनिटं उशिरा सुटली.

शेवटच्या प्रकरणात कॅप्टननं यान मागे वळवलं. ते तिघे जिवंत होते आणि त्याला पाहताच त्यांनी पाऊण रकाना भरून त्याचा उद्धार केला. मावशी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. नवऱ्याच्या मते मी कादंबरीची माती केली.

रविवारी आठला बेल वाजली. काकांनी अंक माझ्यासमोर धरला. कॅप्टनच्या कुठल्याच वाक्याखाली या वेळी रेघ नव्हती. रेघा होत्या त्या तिघांच्या शिव्यांखाली, एकेका शिवीखाली, पट्टी लावून मारल्यासारख्या सरळ.

"बरं केलं म्याडम," काका म्हणाले. "दिल्या एकदाच्या."