एक वर, बाकी खाली

"मोटारसायकल विकणं म्हणजे काय मोठंसं! कोट विकतो तशी विकायची. अंगाला बसली की गिऱ्हाईक आपलं!"

मास्तर हे छाती पुढे काढून म्हणाले, तेव्हा त्या गाडीबद्दल त्यांना खात्रीने एवढंच माहीत होतं की दिवा पुढच्या बाजूला असतो.

मास्तर म्हणजे शिंपी. गाडी त्यांच्या बायकोची. ती कारखान्यात लेथवर काम करायची आणि सुट्टी मिळाली की शर्यतीच्या ट्रॅकवर जायची. साधी गाडी घेऊन तिने ती अशी बदलली होती, की बनवणाऱ्या कंपनीनेही ओळख दाखवली नसती. हँडल खाली, पाय ठेवायचे खुंट मागे आणि वर, सीट कॉलरच्या पट्टीएवढी. पण दिवे, आरसे, हॉर्न, नंबरप्लेट सगळं जागच्या जागी. रस्त्यावर कुणाची अडवायची टाप नव्हती! बायको वारली आणि गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली. मास्तर रोज तिच्यावर फडकं मारत. कोणता भाग पुसतोय ते कळत नसे, पण पुसत.

आता गॅरेजच्या मालकाला गॅरेज परत हवं होतं. मास्तरांच्या मेहुण्याने लगेच सूत्रं हातात घेतली. त्याला सगळे ठेकेदार म्हणत. ठेका कसलाच नव्हता. दुसऱ्याचं काम स्वतःच्या अंगावर घ्यायची खोड, म्हणून.

"भाऊजी, रविवारपर्यंत अख्खी गेली तर गेली. नाहीतर सोमवारी सुटे भाग घेणारा येतोय. टाकी एकाला, चाकं दुसऱ्याला."

"तुकडे नाही हं करायचे!" मास्तर गाडीसमोर आडवे उभे राहिले. "तिने दहा वर्षं खपून जुळवलंय ते. मी उसवू देणार नाही."

"मग विका की! कोट विकता तशी!"

पहिला आला जिममधला ट्रेनर. दंड असे, की मास्तरांनी मनातल्या मनात बाहीचं कापड वाढवलं. तो ऐटीत बसला, पायाने दांडी खाली दाबून गिअर टाकला, आणि गाडी एक उचकी देऊन बंद! पुन्हा चालू केली, पुन्हा उचकी. चौथ्या उचकीला तो उतरला. "काका, क्लच गेलाय."

दुसरा दातांचा डॉक्टर. त्याने इंजिन इतकं रेटलं की गल्लीतल्या खिडक्या थरथरल्या, आणि गाडी निघाली! ठेकेदाराने टाळ्यासुद्धा वाजवल्या. तेवढ्यात डॉक्टरने पुढचा गिअर टाकायला पायाने दांडी वर उचलली. इंजिन किंचाळलं, मागचं चाक घसरलं आणि डॉक्टर शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीत! चादरीतूनच आवाज आला, "ही गाडी वेडी आहे!"

"वेडी नाही," काकू चादर ओढत म्हणाल्या. "परका माणूस चालत नाही तिला. मालकिणीची आठवण येते."

ठेकेदार गाडीपासून दोन पावलं मागे सरकला. "भाऊजी, ताईला विकायची नसेल हो ही."

"मशीनला आठवणबिठवण येत नसते," मास्तर म्हणाले. "दोरा चुकीचा ओवला की मशीन अडतं. कुठे चुकतंय ते बघू या."

पण बोलता बोलता त्यांना स्वतःलाच कुतूहल वाटायला लागलं. एवढी वर्षं ती या गाडीवर काय करत होती? रविवारी सकाळी मास्तर गाडीवर बसले. बसले म्हणजे पालथे पडले! पण जन्मभर टेबलावर ओणवं होऊन कापड कापलेला माणूस. ती बैठक त्यांना अगदी मापाची वाटली. त्यांनी डाव्या पायाने दांडी चाचपली. वर एकदा टक, मग पुढे नाही. खाली मात्र टक, टक, टक... बरंच काही.

"समजलं! वर पहिला, बाकी सगळे खाली. एवढंही लोकांना येत नाही?"

ठेकेदाराने कपाळाला हात लावला. त्याला सायकलच काय ती चालवता यायची. तरी शिकवायचा ठेका त्याने घेतलाच. "डावीकडे क्लच. हळू सोडा. उजवीकडे रेस. हळू पिळा."

मास्तरांनी दांडी वर उचलली, क्लच सोडला, आणि काय आश्चर्य! उचकी नाही, किंचाळी नाही. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली!

"भाऊजी, ब्रेकचं सांगायचं राहिलं!" ठेकेदार ओरडला. पण भाऊजी कोपऱ्यावर वळले होते.

मास्तर कोपऱ्यावरच्या बागेला फेऱ्या घालू लागले. एक टक खाली, वेग वाढला. अजून एक टक. अंगावर वारा, चेहऱ्यावर हसू! ती घरी आल्यावर तासभर का गुणगुणत असायची, ते आज कळलं. फक्त थांबायचं कसं ते कळेना.

"उजवा हात! भाऊजी, उजवा हात!" ठेकेदार बोंबलत होता. ब्रेक उजव्या हाताशी आहे, एवढंच त्याला सांगायचं होतं. मास्तरांना वाटलं, लोकांना हात दाखवायला सांगतोय. त्यांनी उजवा हात सोडून ऐटीत हलवला. रेस सुटली, गाडी मंदावली, उचकी दिली आणि बागेच्या कुंपणाला अलगद टेकली. मास्तर कुंपणापलीकडे, गवतात.

तिसरं गिऱ्हाईक बागेच्या फाटकाशी उभं राहून हे सगळं बघत होतं. ती शहरात बस चालवायची.

"लागलं का हो?"

"छे! उतरलो."

बसवाल्या बाईंनी गाडी उचलली, दांडी हाताने हलवली आणि डोळे मोठे केले. "मास्तर, हिचे गिअर उलटे आहेत!"

"उलटे कसे? सुलट आहेत."

"फक्त तुमच्यासाठी. बाकी सगळ्यांचा पहिला खाली असतो. हिचं खाली दाबलं की थेट दुसरा पडतो."

म्हणजे ट्रेनरचं चुकलं नव्हतं, डॉक्टरचंही नाही! "पण तिने असं का केलं असेल?"

"वळणावर गाडी जमिनीला टेकायच्या बेतात असते. दांडीखाली बूट घालायला जागाच नसते. मग वरून दाबायची. ट्रॅकवर असंच करतात." बाई एक फेरी मारून आल्या आणि नुसतं म्हणाल्या, "अख्खी घेते. एक स्क्रूसुद्धा बदलणार नाही."

मास्तरांनी किल्ली दिली. द्यायला थोडा वेळ लागला, इतकंच.

सोमवारी गॅरेज रिकामं झालं. पण मास्तरांच्या डाव्या पायाला चैन पडेना! महिन्याभरात त्यांनी रीतसर परवाना काढायला घेतला आणि एक जुनी, साधी, सगळ्या जगाची असते तशी गाडी आणली. आता दर सिग्नलला दिवा हिरवा होतो, मास्तर पायाने दांडी वर उचलतात आणि गाडी उचकी देऊन बंद पडते. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ!

"भाऊजी, खाली! खाली दाबा!" मागे बसलेला ठेकेदार तोंड लपवत म्हणतो. "कुणी शिकवली हो तुम्हाला गाडी?"

"तुझ्या बहिणीने," मास्तर म्हणतात, आणि किक मारून पुन्हा बंद पाडतात.