दारावर टांगलेली कुरडई

दृष्ट लागू नये म्हणून लोक दाराला लिंबू-मिरची बांधतात. हुमनाबादला हायवेलगतच्या आमच्या गल्लीत बिराप्पा अण्णा कुरडई बांधतात. गव्हाच्या चिकाची, पांढरीशुभ्र, दोऱ्याला टांगलेली. सोमवारी टांगायची, पुढच्या सोमवारी उतरवायची. नवा पाहुणा विचारतोच, हे कोणत्या देवाचं? अण्णा शांतपणे सांगतात, "डिझेलचं."

उतरवलेली कुरडई ते आधी फुंकतात, मग तिच्यावरून बोट फिरवतात. "फुकल्यावर जाती ती धूळ. बोटाला लागतंय ते डिझेल," हा त्यांचा सिद्धांत. मग ते काळं बोट वर धरून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या ऑटोंच्या रांगेकडे जातात आणि एकेकाला सांगतात, "तुमची गाडी माझ्या कुरडईवरून गेली बघा."

मौलाभाईचा ऑटो सगळ्यात जुना. तो सुरू झाला की समोरचं मेडिकल दिसेनासं व्हायचं. एकदा वैतागून मौलाभाई म्हणाला, "अब कुरडई देख को गाडी लेना क्या अण्णा?" पण दर सोमवारी कुणी नाकासमोर काळं बोट धरलं तर माणूस किती तग धरणार? त्याने बॅटरीचा ऑटो घेतला. डिझेल परवडेना म्हणून घेतला, असं तो सांगतो. कुरडईमुळे, असं अण्णा सांगतात. मग एकाचं बघून दुसऱ्याने घेतला, आणि आता रांगेतले बरेचसे ऑटो बॅटरीचे आहेत.

अण्णांनी स्वतःची फटफटी तर आधीच विकली होती. नव्या स्कूटरला आवाज नाही, म्हणून ते स्वतःच "आलो, आलो, सरका" असं ओरडत जातात. मी शाळेत शिकवायला पायी जातो, त्यामुळे माझी सुटका झाली. तरी एकदा उदबत्तीवरून बोलणी खाल्ली.

हे सगळं कशासाठी, ते गल्लीला माहीत आहे. त्यांच्या बायकोला, अंबक्काला, दमा. धुरापासून लांब राहा, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा अण्णांनी तिला मुडबीला लेकीच्या शेतातल्या घरी नेऊन सोडलं. इथली हवा सुधारली की परत आणायचं, असं ठरलं. ती दर उन्हाळ्यात डबाभर कुरडया पाठवते. एकटा माणूस, जेवणाची आबाळ, निदान तळून खाईल म्हणून.

मागच्या सोमवारी मी त्यांच्या दारात उभा होतो. अण्णांनी कुरडई उतरवली, फुंकली, बोट फिरवलं. बोट कोरं. मला त्यांच्याहून जास्त आनंद झाला.

"अण्णा, पांढरी आहे. आणा अक्कांना."

त्यांनी डब्यातली दुसरी काढून शेजारी धरली. बराच वेळ बघत राहिले.

"न्हाई, मास्तर. आठवडाभर लॉरीवाल्यांचा संप हुता. ही धरायची न्हाई."

"पण ऑटोंचा फरक पडलाच ना?"

"पडला की. पर हायवेवर लॉऱ्या आजपासून पुन्हा सुरू झाल्यात. कुरडई काळी झाली तर दुसरी टांगता येती. तिची छाती कुठून आणू?"

तेवढ्यात फोन वाजला. अण्णांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन सगळ्यांनाच ऐकू येतो.

"कुरडया खायलाव न्हव?" अंबक्का विचारत होती.

"व्हय, रोज खायलोय. लई कुरकुरीत झाल्यात."

मी डब्यात पाहिलं. तो जवळजवळ तसाच भरलेला होता.

मग ती हळूच म्हणाली, "मी येऊ का आता?"

अण्णांनी हातातल्या पांढऱ्या कुरडईकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, ये.

"जरा थांब. घराला रंग द्यायलोय. वासानं तरास व्हईल तुला."

"अजून तुमचा रंग सरंना का?"

"सरत आलाय."

त्या भिंतींना कित्येक वर्षांत ब्रश लागलेला नाही. अण्णांनी डब्यातली कुरडई दोऱ्यासकट माझ्या हातात दिली. मी ती दाराला बांधली.

उतरवलेली पांढरी कुरडई घेऊन ते गॅसकडे वळले. "ही तळू. आज एक खाल्ली म्हंजे तेवढं तरी खरं व्हईल."

तळल्यावर ती फुलून ताटभर झाली. अर्धी मोडून त्यांनी मला दिली, उरलेलीचा एक तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावता थांबले.

"मास्तर," ते म्हणाले, "खरंच कुरकुरीत हाय की."