पुढची बाभूळ

आमच्या शेजारचे वामनकाका पहाटे सायकलवर टांग मारताना दिसले आणि कुणी विचारलं, कुठं निघालात, तर उत्तर ठरलेलं: "पुढच्या बाभळीपर्यंत." आणि दुपारच्या आत ते वाशिम गाठून हिंगोलीत परत येतात.

साठी ओलांडलेला हा निवृत्त हेडक्लार्क. लांब पल्ल्याची सायकल पायांनी नाही, लबाडीनं चालवायची, हे त्यांचं शास्त्र. मनाला पुरं वाशिम सांगायचं नाही, त्याला तकलीफ होते. एकच बाभूळ दाखवायची. ती आली की दुसरी. मला ताप आला तेव्हा भेटायला येऊन म्हणाले, बरं व्हायची घाई काहून, चहापर्यंत दम धरा. चहा झाल्यावर त्यांनी मुदत जेवणापर्यंत वाढवली.

सरावाला वारा समोरूनच हवा. गच्चीवरचा पंचा जिकडे फडफडेल त्याच्या उलट दिशेला काका निघणार. एकदा परतताना वारा फिरला आणि जाता-येता दोन्ही वेळा तोंडावर आला. त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले.

गेल्या वर्षी त्यांनी सायकलवाल्या मंडळींच्या दोनशे किलोमीटरच्या फेरीत नाव घातलं. दिवस मावळायच्या आत हिंगोलीत परतायचं. पाय तयार, मन तयार; आड आले व्याही. त्यांचं घर कनेरगाव नाक्यावर, रस्त्याला लागूनच. मुलीच्या सासरच्या दारावरून तसंच पुढं कसं जायचं? व्याह्यांनी पाट मांडला, टॉवेल-टोपी केली, पुरणपोळी वाढली. 'पुढच्या पोळीपर्यंत' करत काका पोटभर जेवले आणि हिंगोलीत पोचले ते दिवेलागण झाल्यावर.

मला वाटलं, हसण्यावारी नेतील. पण ते पायरीवर बसून राहिले. "हरल्याचं काही न्हाई. घरी शब्द देल्ता."

घरी म्हणजे काकूंना. लकवा झाल्यापासून काकू घराबाहेर पडत नसत. ओढत चालणारा पाय लोकांनी बघू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. शब्द कसला, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

यंदा काकांनी फेरीआधी व्याह्यांनाच तालीम दिली. मी मोटारसायकलवर मागं होतो. नाक्यावर काका दिसताच व्याही धोतर सावरत त्यांच्या बाजूनं पळाले, हेल्मेटवर टोपी बसवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात पुरणपोळीची गुंडाळी दिली. मानपान पुरा झाला आणि काकांचा पाय जमिनीला लागला नाही. शेजारच्या ढाब्यावरची माणसं जेवण सोडून टाळ्या वाजवायला उठली.

शेवटच्या टप्प्यात वारा समोरून होता, म्हणजे काका खुशीत. भिंतींवर ऊन असतानाच ते हिंगोलीत शिरले. मेडल गळ्यात पडलं. फोटोला थांबा म्हणणाऱ्यांना हात करून ते तसेच घराकडे निघाले, टोपीसकट.

फाटकात काकू उभ्या होत्या. एकट्या, गजाला धरून, सगळ्या गल्लीदेखत.

"तुमी उजेडात आले तर मी फाटकात येते, असं बोलले होते मी," त्या काकांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "वर्षभर हे रोज चालवून राहिले मला. आधी खुर्चीपर्यंत, मंग उंबऱ्यापर्यंत."

काकांनी सायकल तिथंच आडवी टाकली आणि मेडल काकूंच्या गळ्यात घातलं.

काकूंनी गज सोडला. गल्लीच्या टोकाच्या विजेच्या खांबाकडे बघितलं आणि काकांपुढे हात केला.

"चला," त्या म्हणाल्या. "त्या खांबापर्यंतच."