भागाक्काला वादळस्वार व्हायचं होतं

एका जंगलात, बाळांनो, आपण आहोत तेवढ्यावर कोणाचंच भागत नव्हतं. यात नवल काही नाही, तुमच्या घरीही तेच असेल. पण त्या जंगलाने त्यावर एक तोडगा काढला होता. दिवस कलला की मंडळी पिंपळाखाली जमायची आणि सोंगांचा डाव मांडायची.

डाव सोपा होता. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं. नरहरीआबा नावाचं म्हातारं कासव सूत्रधार. ते गोष्ट सांगायचे. पुढे गुहा आहे, गुहेत राक्षस आहे, बोला, काय करता? मग ज्याने त्याने आपल्या सोंगाला शोभेल ते सांगायचं आणि फोडलेले चिंचोके टाकायचे. पांढऱ्या बाजू जास्त पडल्या तर तुमचं खरं. काळ्या जास्त पडल्या तर राक्षसाचं खरं.

डावाच्या मूळ पोथीत सोंगं चारच. योद्धा लढायचा, मांत्रिक जाळायचा, चोर कुलपं उघडायचा, आणि वैद्य या तिघांना पट्ट्या बांधायचा.

आता सांगा, तुम्ही कोणतं घ्याल? बघा, वैद्य कोणीच म्हणालं नाही.

त्या जंगलातही कोणी म्हणत नसे. म्हणून रिवाज पडला होता, जो शेवटी येईल त्याच्या गळ्यात वैद्य. आणि शेवटी यायची ती भागाक्का साळिंदर. ती काही आळशी नव्हती, बाकीचेच तिला चुकवून लवकर बसायचे. एकदा ती हट्टाने भर दुपारी येऊन बसली, तर रंगोपंत कोल्हा म्हणाला, "अगं भागाक्का, रिवाज राहू दे. तुझ्या हाताला गुण आहे."

झालं. हाताला गुण आहे असं एकदा कोणी म्हणालं की तो हात काही मोकळा सुटत नाही.

गुण होताच म्हणा. हैबतराव रानडुक्कर योद्धा व्हायचा, दिसेल तिथे डोकं घालायचा आणि पोट फाडून घ्यायचा. भागाक्काने पट्टी बांधली की उठून पुन्हा डोकं घालायला हा मोकळा. राक्षस पडला की आरोळी हैबतरावाची. लुटीचे हार घालून सगळे नाचायचे तेव्हा भागाक्का कोणाची तरी जखम धूत असायची.

अशात पलीकडच्या जंगलातून पुरवणी आली.

पुरवणी म्हणजे काय, तर जे मूळ पोथीत नव्हतं आणि ज्याच्यावाचून आजवर कोणाचं अडलं नव्हतं ते. नवी कोरी सोंगं. वाचून जंगल खुळावलं. पाणवठ्यावर दुसरा विषय नाही. माझं आवडतं सोंग कोणतं, तुझं कोणतं, तुझं कसं फालतू आणि माझं कसं भारी. दोन चितळांच्या घरात यावरून ठरलेली सोयरीक मोडली.

हैबतरावाने घेतला सातजन्मी सरदार. हा प्रत्येक घावाआधी मागच्या एका जन्माचं दुःख सांगतो. रंगोपंताने घेतला वेताळवकील. हा भुतांशी लढत नाही, त्यांच्यावर खटला भरतो. बाळंभट सशाने घेतला अदृश्य गवई. तो कोणाला दिसत नाही, मात्र अदृश्य असेपर्यंत त्याला गात राहावं लागतं.

भागाक्काने पुरवणीतलं एकच पान वाचलं. वादळस्वार. ती वादळावर मांड ठोकून येते. तिने हात वर केला की वीज पडते. दर विजेला तिचा स्वतःचा थोडा जीव जातो, पण उभी राहते ती सगळ्यांच्या पुढे. भागाक्काने ते पान इतक्यांदा उराशी धरलं की काट्यांनी त्याची चाळण झाली. तिला दुसरं काही नको होतं. एक डाव, फक्त एक डाव, पट्ट्या न बांधता पुढे उभं राहायचं होतं.

संध्याकाळी ती म्हणाली, "मी वादळस्वार."



"छान आहे हो," रंगोपंत म्हणाला. "आणि वैद्य?"

"वैद्य तुम्ही व्हा."

"मी कसा होणार? मी वेताळवकील."

"मग हैबतराव होतील."

"मला सात जन्म उरकायचेत," हैबतराव म्हणाला. "मला वेळ कुठला?"

बाळंभट आधीच अदृश्य होऊन हळूच गुणगुणत होता.

"भागाक्का, तू समजूतदार आहेस," रंगोपंत लाडीगोडीने म्हणाला.

"होते," भागाक्का म्हणाली.

आबांनी मान कवचात ओढून घेतली. सूत्रधाराने भांडणात पडू नये, हे व्रत त्यांनी जन्मभर पाळलं होतं. "चला," ते आतून म्हणाले. "समोर गुहा. दारात एक विंचू."

विंचू, बाळांनो. राक्षस नव्हे.

हैबतराव पुढे झाला आणि पहिल्या जन्माचं दुःख सांगू लागला. विंचवाला त्यात रस नव्हता, त्याने नांगी मारली. रंगोपंताने विंचवावर फिर्याद ठोकली. विंचवाने वकिलाला ठोकलं. बाळंभट दिसत नव्हता खरा, पण खड्या आवाजात भैरवी गात होता, त्यामुळे विंचवाला फार शोधाशोध करावी लागली नाही.

"अक्का, पट्टी," तिघेही कण्हत म्हणाले.

भागाक्काचा हात सवयीने पुढे गेलाच. तिला वाईटही वाटलं, खोटं कशाला सांगू? पण तिने तो हात मागे घेतला. "वादळस्वाराकडे पट्ट्या नसतात," ती म्हणाली.

तिघांची सोंगं दारातच मेली. निम्म्याहून जास्त सोंगं मेली की डाव मोडतो, असा नियम. भागाक्काला वीज पाडायची संधीच मिळाली नाही.

मग तिला काय काय बोलले, ते विचारू नका. आपमतलबी म्हणाले. तुझ्यामुळे आम्ही मेलो म्हणाले. हैबतराव तर म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस."

ती गेल्यावर रंगोपंताने त्याला बाजूला घेतलं. "अहो, ती आली नाही तर वैद्य आपल्यातलाच एक."

हैबतरावाच्या अंगावर शहारा आला.

रंगोपंत कोल्हा होता, त्याला युक्ती सुचली. त्याने रातोरात पुरवणीत आपल्या हाताने एक पान घातलं. दुसऱ्या दिवशी भागाक्काला गोड बोलून बोलावून आणलं आणि ते पान सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. "संजीवनसम्राट. काळाच्या दाढेतून जीव ओढून आणणारा. याच्या मस्तकी मोरपीस. याला पाहून यमदूतही वाट वाकडी करतात. याची संजीवनी डावात एकदाच चालते, पण अचूक." सगळ्यात शेवटी, बारीक आवाजात, "काम, पट्ट्या बांधणे."

मग एक खरंखुरं मोरपीस पुढे करत तो भागाक्काकडे वळला. "घे. जसं काही तुझ्यासाठीच लिहिलंय."

भागाक्का तोंड उघडते तोच हैबतराव म्हणाला, "हे मी घेतो."

"अहो, तुम्ही सरदार ना?" रंगोपंत म्हणाला.

"सात जन्म सांगून घसा बसला. मोरपीस इकडे आणा."

"वा रे वा," बाळंभट म्हणाला. "मोरपीस आधी मी पाहिलं."

रंगोपंत दोघांना समजवायला गेला. समजवता समजवता त्यालाच वाटू लागलं, इतकं सुरेख सोंग दुसऱ्याला द्यायचं कशासाठी? तिघेही संजीवनसम्राट झाले. ओढाताणीत मोरपिसाचे तीन तुकडे झाले.

"मग मी वादळस्वार," भागाक्का म्हणाली. कोणाचं लक्षच नव्हतं.

डाव सुरू झाला. दारात विंचू होता. भागाक्काने हात वर केला, वीज पडली, विंचू संपला. पुढे वटवाघळांचा थवा आला. वीज पडली, थवा संपला. मग राक्षस उठला. भागाक्का सगळ्यांच्या पुढे उभी होती, पण दोन विजांनी तिचा जीव निम्मा झाला होता.

"कोणीतरी पट्टी बांधा," ती मागे न बघता म्हणाली.

"माझी संजीवनी एकदाच चालते," हैबतराव म्हणाला. "ती मी शेवटच्या प्रसंगासाठी राखून ठेवली आहे."

"हाच शेवटचा प्रसंग आहे."

"मग हैबतरावांनीच बांधावी," रंगोपंत म्हणाला. "वडीलधारे आहेत."

"मी बांधली तर माझी संपेल आणि तुमची शिल्लक राहील," बाळंभट म्हणाला. "मग सम्राट कोण?"

भागाक्का त्यांच्यासाठी थांबली नाही. तिने चिंचोके टाकले. सगळे पांढरे. वीज पडली, राक्षस कोसळला, आणि त्याच्याबरोबर वादळस्वारही कोसळली.

"मेली का?" तिने आबांना विचारलं.

"मेली," आबा म्हणाले.

इतकी वर्षं खेळून भागाक्का एकदाही मेली नव्हती. वैद्याला मरायला सवड नसते, सगळ्यांना उठवल्याशिवाय कोणी मरू देत नाही. आज ती पहिल्यांदा मेली, आणि तीही सगळ्यांच्या पुढे. तिचे काटे आनंदाने उभे राहिले.

"कशी मेली, ते पुन्हा एकदा सांगा ना आबा," ती म्हणाली.

आबांनी मान बाहेर काढली आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं. इकडे तिन्ही सम्राट गुहेतल्या पुढच्या दारापाशी थांबले होते. पुढे कोणालाच जायचं नव्हतं. तिघांची संजीवनी शाबूत होती, आणि दुसरा कधी जखमी होतो याची प्रत्येकजण वाट बघत होता.

तात्पर्य : सेवा करावी म्हणजे मेवा मिळतो, असं मोठी माणसं सांगतात. सांगणारच, त्यांना पट्ट्या बांधून हव्या असतात. खरं असं की सेवा केली की आणखी सेवा मिळते. तेव्हा बाळांनो, मेवा हवा असेल तर एकदा तरी सगळ्यांना खुशाल मरू द्यावं. सुरुवात खेळापासून करावी.