सारसाशेजारी केवळराम

केवळरामला सारसमित्र व्हायचं होतं, आणि त्याचं कारण सारस नव्हते, शेजारचा टिकाराम होता. गेल्या वर्षी टिकारामच्या धानात सारसाच्या जोडप्यानं घरटं केलं, सारस जपणाऱ्या संस्थेनं 'सारसमित्र' म्हणून त्याचा भर सभेत सत्कार केला, आणि तेव्हापासून तो कामठ्याच्या पानठेल्यावरसुद्धा खांद्यावर शाल असल्यासारखा उभा राहायचा. यंदा जोडपं केवळरामच्या धानाच्या बांधीत आलं. देवानं न्याय केला! आता संस्थेला फक्त एक फोटो पाठवायचा होता. शेतकरी पुढे, सारस मागे दूरवर.

घोडं तिथंच अडलं. त्याच्या बायकोच्या, मंदाबाईच्या मोबाईलमध्ये सारसांचे ढीगभर फोटो होते, पण एकातही तिचा नवरा नव्हता. खऱ्या फोटोसाठी पहाटे उठून चिखलात उतरावं लागलं असतं, आणि केवळरामला दोन्ही मंजूर नव्हतं.

"फोटोत टाकता येते, बाबा," कॉलेजात शिकणारी चंचल म्हणाली. "फुकटचे ॲप हायेत. नवशिक्यायसाठी येगळं, थोडंफार जमते त्यायच्यासाठी येगळं, अन् उस्तादायसाठी येगळं. तुमी पयल्यापासून सुरू करा."

"काऊन? मी तुले नवशिका दिसून राहिलो का? वीस सालं झाले ट्रॅक्टर चालवतो!"

त्यानं उस्तादांचं सॉफ्टवेअर तिच्या लॅपटॉपवर उतरवायला लावलं. दुपारभर खटपट करून त्याला स्वतःच्या फोटोतलं फक्त डोकं पुसता आलं, आणि ते काही केल्या परत येईना.

"धड त आलं ना," मंदाबाई म्हणाली. "डोस्क्याचं तसंबी काय काम पडते?"

मग तो एक पायरी उतरला. मधल्या ॲपनं त्याला सारसाजवळ उभं केलं खरं, पण सारस ताडाएवढा आणि केवळराम त्याच्या गुडघ्याला. चंचल हसून हसून खालीच बसली.

शेवटी, कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्यानं नवशिक्यांचं ॲप उघडलं. दोन फोटो दिले, एक बटण दाबलं, आणि काय सांगावं! पुतण्याच्या लग्नातला सफारी घालून केवळराम घरट्याला खेटून उभा, हात सारसाच्या पाठीवर. सावलीसुद्धा बरोबर पडलेली. त्यानं फोटो लगेच पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी संस्थेचा हिमांशू मोटारसायकलवरून तणतणतच आला.

"काका, घरट्यापासून दूर राहा म्हनून किती वेळा सांगितलं? तुमी त पाठीवर हात फिरवून राहिले! पक्षी अंडे सोडून गेला मंजे? तुमचं नाव कटलं."

केवळरामच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे बाप्पा, मी हात नाही लावला! फोटो खोटा हाय. पूरा महिना झाला, त्या बांधीत पाय नाही टाकला. इले विचार."

"खरं हाय जी," मंदाबाई शांतपणे म्हणाली. "एक दिवस नाही गेले."

"मंग घरट्यापासून कुत्रे कोन हाकलून राहिलं?"

"मीच. शेताच्या धुऱ्यावर बसून, दुरूनच."

हिमांशूनं तिचा मोबाईल मागून घेतला. रोज सकाळचा एक फोटो, महिनाभर खाडा नाही. त्यानं तिथंच वहीतलं नाव बदललं.

सत्कार थाटात झाला. मंदाबाई मंचावर, शाल तिच्या खांद्यावर, आणि केवळराम खाली मोबाईल धरून. बाजूला बसलेल्या टिकारामनं अभिनंदन केलं. कुणाचं, ते मात्र सांगितलं नाही.

घरी मंदाबाई सत्काराचा तो फोटो किती तरी वेळ पाहत होती. मग तिची नजर नवऱ्याच्या उतरलेल्या तोंडाकडे गेली आणि तिला खरोखर वाईट वाटलं.

"चंचल, ह्यात तुह्या बापाले टाकता येते का?"

केवळरामचा चेहरा खुलला.

"पन लय जवळ नोको टाकू," मंदाबाई म्हणाली. "नाही त माहं नाव कटंल."