वीस मिनिटांची वाट

"माझ्या घरापासून आगारापर्यंत लोकांना वीस मिनिटं लागतात. मला दहा!" शिट्टीसाहेब छाती पुढे काढून सांगत. बस सोडायची शिट्टी त्यांच्याकडे, म्हणून हे नाव. ड्यूटी सहा पन्नासची, आणि तीस वर्षांत एक दिवस उशीर नाही! बायको जाऊन आठ महिने झाले होते, तरी नाही.

म्हणूनच विशेष मुलांच्या संस्थेतल्या ताई एका स्वमग्न मुलीला सहा आठवडे कामाच्या अनुभवासाठी घेऊन आल्या, तेव्हा साहेब म्हणाले, "वेळ पाळायला मी शिकवतो ना! आठ दिवसांत तिचं घड्याळ करून टाकतो!"

मुलगी वीस वर्षांची. हॉर्नचा त्रास होतो म्हणून कानांवर मोठे हेडफोन, हातात रजिस्टर. कुठली गाडी कधी सुटली ते लिहायचं. शेरा चांगला मिळाला तर नोकरी पक्की.

दुसऱ्या आठवड्यात केबिनचं घड्याळ बंद पडलं. साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन गजराचं घड्याळ आणलं आणि टेबलावर ठेवलं. "बायकोचं आहे. यात सहा चाळीस झाले की ती मला दाराबाहेर ढकलायची!"

मुलीने आपल्या मनगटाकडे पाहिलं. "हे दहा मिनिटं पुढे आहे."

"तुझंच मागे असेल, पोरी!"

"नाही. मी रोज रेडिओवर लावते."

"बायकोच्या घड्याळाला नावं ठेवायची नाहीत!"

आणि साहेबांनी शिट्टी फुंकली!

चालकाने खिडकीतून डोकं काढलं. "साहेब, माझ्या मोबाईलमध्ये तर अजून..."

"गाडी मोबाईलवर चालते का शिट्टीवर?"

गाडी निघाली. कंडक्टर चहाचा कप घेऊन मागे धावला. कप पोचला, चहा नाही! अशा आठ गाड्या गेल्या, रिकाम्या डब्यांसारख्या खडखडत. माणसं थांब्यावर यायच्या आत गाड्या तिथून पसार! मुलीचं काम बघायला निघालेल्या ताईंचीही बस चुकली. त्या धापा टाकत पायी आल्या. पाठोपाठ आगारप्रमुख.

"कोणी सोडल्या गाड्या?"

साहेबांच्या तोंडून निघून गेलं, "नवीन माणूस आहे... चुकतं."

"मी लिहिते, सोडत नाही," मुलगी म्हणाली. "शिट्टी त्यांच्याकडे आहे."

आगारप्रमुखांनी ऐकलंच नाही. "ताई, उद्यापासून हिला आणू नका."

मुलीने पेन्सिल, खोडरबर, पट्टी रोजच्या क्रमाने पिशवीत भरली. रजिस्टर उघडंच राहिलं. साहेबांनी सहज पाहिलं. आठ गाड्या, आठ ओळी, आणि प्रत्येक ओळीपुढे स्वच्छ अक्षरात: 'साहेबांना सांगितलं.'

साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घड्याळ माझं," ते म्हणाले. "शिट्टी माझी. आणि आत्ता बोललो ते खोटंही माझंच. हिने आठ वेळा सांगितलं होतं."

आगारप्रमुखांनी मग जे सुनावलं ते सांगण्यासारखं नाही. मुलगी राहिली. पट्टी, खोडरबर, पेन्सिल पुन्हा टेबलावर आली.

"घरून सहा चाळीसला निघता?" तिने विचारलं. "म्हणजे खरे साडेसहा. इथे सहा पन्नासला येता. वीस मिनिटं. तुम्ही सगळ्यांसारखेच चालता."

ताईंना हसू आवरेना. साहेब घड्याळाकडे बघत राहिले. तीस वर्षं! आणि घड्याळ पुढे लावल्याचं बायको एका शब्दाने बोलली नाही!

मुलीने मागची कळ फिरवून काटे दहा मिनिटं मागे आणले. साहेबांनी तिला थांबवायला हात पुढे केला, तोवर काम झालंही होतं.

"उद्या दहा मिनिटांत येऊन दाखवतो!" साहेब म्हणाले. आवाजात दम नव्हता.

संध्याकाळी त्यांनी घड्याळ घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी खऱ्या सहा चाळीसला निघाले. ढकलायला कोणी नव्हतं. निम्मी वाट तर चक्क पळाले! केबिनमध्ये शिरले तेव्हा सातला दोन कमी होते.

मुलीने रजिस्टर उघडलं. 'शिट्टीसाहेब. आठ मिनिटं उशीर.' मग पेन्सिल त्यांच्यापुढे धरली.

"सही."

साहेबांनी मुकाट्याने केली.